इंगेलिसच्या नावावरचं गाणं

थॉर्वल बोन्नेसनकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी. अशा दिवशी आमच्या बेटावर शेजारी भल्या सकाळी दारात जमतात आणि नवराबायकोला गाण्याने उठवतात. गाणं थॉर्वलने रचलेलं होतं. ओळी इतक्या लांब की अकॉर्डियनवाला चाल संपवून थांबला, तरी आम्ही गातच होतो. थॉर्वल मात्र टोपी छातीशी धरून तृप्त उभा.

तेव्हा तो फेरीबोटीवर तिकिटं तपासायचा. बेटावर कुणाची साठी असो की कुणाचं लग्न, ओळखीच्या चालीवर नवं गाणं रचायचं, छापून प्रत्येक ताटाजवळ ठेवायचं, हे काम त्याच्याकडेच यायचं.

इंगेलिसच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या सत्तरीच्या आदल्या दुपारी तो माझ्या दारात आला. चेहरा पांढराफटक.

"बिर्थे, चल लवकर. ती केक आणायला गेलीय. कॉम्प्युटर मला माझंच गाणं देत नाहीये!"

त्याच्या कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग प्रणाली होत्या, सुरू करताना एक निवडायची. जुनी त्याची, तिच्यात गाणी. नवी त्याने हिवाळ्यात शेजारी बसवली, इंगेलिसला नातवंडांशी बोलता यावं म्हणून. सकाळी जुनीने काहीतरी अद्ययावत केलं आणि पडदा काळा करून बसली. नवीतून जुनीतलं त्याचं फोल्डर दिसत होतं, पण उघडायला गेलं की उत्तर एकच: तुम्हाला परवानगी नाही.

"मला परवानगी नाही?" थॉर्वल पडद्याला म्हणाला. "मी लिहिलंय ते, गाढवा!"

मी फोल्डरची माहिती उघडली. मालकाच्या जागी लिहिलं होतं: इंगेलिस.

"थॉर्वल, नव्या प्रणालीत आधी कुणाचं खातं उघडलंस?"

"तिचं. मग माझं. बायकांना आधी, एवढं तरी वळण आहे मला."

"तेच नडलं. कॉम्प्युटर मालकाचं नाव बघत नाही, खात्याचा नंबर बघतो. जुनीत पहिला नंबर तुझा होता, नवीत तिला दिलास. आता तुझं सगळं तिचं झालं. शिवाय पहिलं खातं कारभाऱ्याचं असतं. तिच्या पासवर्डशिवाय काही हलणार नाही."

"म्हणजे तिच्यापासून लपवलेलं गाणं काढायला तिलाच विचारायचं?"

"किंवा उद्या नुसता केक खायचा."

तेवढ्यात दार वाजलं. केकचं खोकं घेऊन इंगेलिस आत आली. आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "कुणी गेलं का?"

थॉर्वलने एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने खोकं खाली ठेवलं. "पासवर्ड मी घालते. पण तू तिकडे तोंड कर."

"का? लग्नाला शेहेचाळीस वर्षं झाली!"

"म्हणूनच. कर तोंड तिकडे."

तो भिंतीकडे वळला. तिने पासवर्ड घातला. लगेच तो ओरडला, "आता तू वळ!" ती खिडकीकडे वळली. थॉर्वलने फाइल पेनड्राइव्हवर घ्यायची खटपट चालवली. तीनदा चुकीची फाइल उघडली.

"झालं का रे?"

"वळू नकोस!"

"माझी मान अवघडली."

"सत्तर झाली नाहीत अजून, उद्या अवघडू दे."

शेवटी झालं. माझ्याकडे छापलं आणि दुसऱ्या दिवशी चाळीस पाहुण्यांनी म्हटलं. चौथ्या कडव्यात, जिथे ती फेरीबोटीच्या कठड्याशी त्याला पहिल्यांदा तिकीट दाखवते, तिथे इंगेलिस कागद खाली ठेवून नुसती ऐकत राहिली.

नंतर भांडी पुसताना मी तिला हळूच विचारलं, "इतके महिने ते फोल्डर तुझ्या खात्यातून उघडत होतं. कधी बघितलंस?"

"उघडतं हे मला काल कळलं," ती म्हणाली. "कळलं असतं तरी बघितलं नसतं. थॉर्वल गाणं लिहितो तेव्हा स्वतःशी गुणगुणतो. अर्धं मला पाठच होतं."

थॉर्वल आता एक्क्याऐंशी वर्षांचा आहे. कॉम्प्युटरचा कारभार अजून इंगेलिसच्याच नावावर आहे. काही नवं बसवायचं असलं की तो तिला हाक मारतो आणि भिंतीकडे तोंड करतो.