बाथरूमच्या चपलांची दिशा

माझ्या बायकोच्या मावशीचे यजमान जगातल्या माणसांची विभागणी जात, पैसा किंवा पक्ष यांवर करत नाहीत. त्यांच्या लेखी माणसं दोनच प्रकारची असतात : बाथरूममधून बाहेर पडताना मागे वळून पाहणारी आणि न पाहणारी. पहिल्या प्रकारच्या माणसाला ते बाकी सगळं माफ करतात. दुसऱ्या प्रकारचा माणूस कितीही शिकलेला असो, त्याच्याबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात एक हळहळ येते. मी स्वतः कोणत्या प्रकारात मोडतो हे पुढे येईलच. ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकण्याइतकं धैर्य माझ्याकडे नाही.

काका साताऱ्याजवळच्या गावचे. आयुष्याची अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि घरचा ऊस बघू लागले. उंची बेताची, मिशा कातरलेल्या, कपड्यांना कडक इस्त्री. कुणाच्याही घरी गेले की ते चहाच्या आधी हात धुवायला जातात, आणि त्या घरचे लोक समजतात की माणूस स्वच्छताप्रिय आहे. प्रत्यक्षात ती पाहणी असते. पुतण्यासाठी स्थळ बघायला वाईला गेले होते तेव्हा मंडळी पोहे खात मुलीला शिक्षण विचारत होती आणि काका दहा मिनिटं मोरीत होते. बाहेर आले, रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, "पोरगी पसंत हाय. बादली पालथी, साबण कोरडा, तेबी घरात चार माणसं असून. आणखी काय बघायचं?" लग्न झालं, संसार उत्तम चालला आहे, आणि त्याचं सगळं श्रेय काका आजही त्या पालथ्या बादलीला देतात.

प्रवासात त्यांच्या पिशवीत दोन जोड कपडे, दाढीचं सामान आणि दांडा आखूड केलेला एक वायपर असतो. एकदा पुण्याला जाताना शिरवळच्या एका हॉटेलापाशी एसटी थांबली. तिथल्या स्वच्छतागृहाची अवस्था बघून काका दारात उभे राहिले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला सूचना देऊ लागले. लोकांना वाटलं, हॉटेलचाच माणूस आहे, आणि सगळ्यांनी मुकाट्यानं ऐकलं. तोवर एसटी निघून गेली. पिशवीसकट. घरी हा विषय निघाला की मावशी म्हणतात, "गाडी गेली, कपडे गेले, तरी घरी येऊन सांगतायत काय, तर शेवटच्या अकरा जणांनी पाणी टाकलं." काका त्यावर शांतपणे दुरुस्ती करतात. "बारा."

पण त्यांचं खरं तत्त्व चपलांचं. बाथरूमच्या चपला दाराच्या आत असतात. माणूस बाहेर पडताना त्या काढतो, तेव्हा त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला राहतात आणि पुढच्याला आत जाताना उलटं वळून पाय घालावे लागतात. काका बाहेर आले की वळतात, वाकतात आणि चपलांची तोंडं आत करून ठेवतात. "म्होरच्या माणसाचा पाय सरळ पडला पायजे. वाकल्याबिगर चपला फिरत न्हाईत, आन् वाकलं की मागची घाण आपसूक दिसती." एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. ते सांगायला त्यांना अर्धं मिनिट लागतं. मला ते कळायला बरेच महिने लागले.

आता माझ्याकडे येतो. मी सांगलीतल्या एका दैनिकात उपसंपादक आहे. माझं काम दुसऱ्यांच्या चुका काढण्याचं. बातमीदारानं कुणावर आरोप असलेली बातमी दिली की माझा पहिला प्रश्न असतो, "त्यांची बाजू घेतली का?" नसेल तर बातमी परत जाते. या सवयीबद्दल कार्यालयात मला मान आहे, आणि तो मला आवडतो.

माधवनगर रस्त्याला आमचा लहान फ्लॅट आहे. बायको, वैशाली, सरकारी कचेरीत नोकरीला. मुलगा अथर्व तेव्हा सात वर्षांचा. त्याची शाळा साडेबाराला सुटते. मी दुपारी तीनला कार्यालयात जातो आणि मग वैशाली येईपर्यंत शेजारच्या काकू त्याच्याजवळ बसतात. संध्याकाळी वैशाली घरी येऊन बाथरूमचं दार उघडायची आणि मला फोनवर संदेश यायचा : आज पुन्हा तेच. तेच म्हणजे कमोडच्या कडेवर शिंतोडे, फ्लश केलेला नाही, पाण्याचा मग जमिनीवर, नळ थेंब थेंब गळतोय आणि चपला पाण्यात. सकाळी शाळेची तयारी करता करता मी अथर्वला बोलायचो. आधी समजावून, मग चढ्या आवाजात. तो खाली मान घालून बुटांचे बंद बांधत राहायचा. त्याचा गप्पपणा मी कबुली म्हणून धरला.

इथवरची चूक घरातच राहिली असती. पण रविवारच्या पुरवणीत एक कोपरा रिकामा होता, आणि मी मुलाच्या बाथरूममधल्या पसाऱ्यावर हलकंफुलकं काहीतरी लिहून तो भरला. मथळा दिला, 'आमच्या घरातली धोक्याची पातळी'. कृष्णेच्या पुराचे आकडे पाठ असलेल्या सांगलीकरांना त्यातली गंमत लगेच कळली. मुलाचं नाव नव्हतं, पण माझं होतं. सोमवारी शाळेत कुणाच्या तरी आईनं कुणाला तरी वाचून दाखवलं, आणि बुधवारपर्यंत वर्गात अथर्वचं नाव 'पातळी' पडलं होतं. मधल्या सुट्टीत तो शाळेच्या स्वच्छतागृहाकडे निघाला की मागून पोरं ओरडायची, "ए पातळी, पाणी वाढलं का रे?" त्यानं तिकडे जाणंच बंद केलं. जावं लागू नये म्हणून पाणी पिणं बंद केलं. सकाळी भरून दिलेली बाटली दुपारी तशीच भरलेली परत येऊ लागली. गुडघे आवळत तो जिना चढायचा. पुढे ताप आला, लघवीला जळजळ झाली, आणि डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हे दुखणं पुन्हा पुन्हा येईल. मुलानं पाणी प्यायला हवं आणि वेळेवर जायला हवं. औषध दिलं, पण खरा उपाय तोच होता.

वैशालीनं मावशीला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी सांगली स्थानकावर काका उतरले. पिशवीतून वायपरचं टोक डोकावत होतं.

घरात आल्यावर त्यांनी अथर्वला समोर उभं केलं. मला वाटलं, आता फौजी खाक्या. काका त्याच्यासमोर खाली बसले, डोळ्याला डोळा भिडेल इतके, आणि म्हणाले, "जवान, मी लय घाणेरडा होतो बग ल्हानपणी. पलटणीत गेलो, पैल्याच दिवशी उस्तादानं टकुरं शेकलं. तुला कुनी शिकिवलं का कवा?"

"नाही," अथर्व म्हणाला.

"मग तुझी चूक न्हाई. शिकू."

हे मी बाजूच्या खोलीतून ऐकलं. माझ्या मुलाला कुणी शिकवलं होतं का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

शिकवणी सुरू झाली. बाथरूमच्या दाराबाहेर एक पाटी टांगली गेली. लहान मुलानं बसूनच करायचं, कारण उभं राहून नेम धरायला वय लागतं. फ्लश, कडेवर एक नजर, पाण्याचा मग जागेवर, नळाची मूठ घट्ट, वायपरचे तीन हात, आणि शेवटी चपला. सगळं झालं की दारात ताठ उभं राहून मोठ्यानं सांगायचं, "जागा साफ आहे, आजोबा!" काका आत जाऊन पाहायचे आणि पाटीवर खूण करायचे. चौथ्या दिवसापर्यंत अथर्वला या प्रकाराची इतकी गोडी लागली की तो गरज नसतानाही जाऊन यायचा. त्यासाठी पाणी प्यायला लागला. काका रोज सकाळी त्याला शाळेत पोचवायचे. तिथं ते काय बोलले माहीत नाही, पण एका दुपारी शिपाईमामांच्या हातात काकांचा वायपर होता आणि पोरं रांगेत उभी होती, असं ऐकलं. बाटली निम्मी, मग रिकामी परत येऊ लागली.

वैशालीचे संदेशही थांबले. बाथरूम संध्याकाळी लख्ख असायचं. मी कार्यालयात दोघातिघांना सांगितलं की मुलगा सुधारला. पुरवणीसाठी दुसरा लेख मनात जुळवायलाही घेतला होता.

दहाव्या दिवशी मी तीनला घराबाहेर पडलो आणि फाटकापाशी लक्षात आलं की चष्मा बाथरूममधल्या फळीवर राहिला. परत आलो. दार उघडंच होतं. आत काका, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, उकिडवे बसून कमोडची कड पुसत होते. पाण्याचा मग जमिनीवर होता. नळ गळत होता. चपला पाण्यात होत्या. अथर्व बादली धरून उभा होता आणि विचारत होता, "आजोबा, बाबांचं झालं का पुसून? आई यायच्या आत वाळेल ना?"

त्या क्षणी मला जे दिसलं ते मी रोज दुपारी मागे ठेवून जात होतो. एका हातात फोन, डोळे बातम्यांवर, दुसऱ्या हातानं दार ओढायचं आणि चालू लागायचं. मुद्दाम काहीच केलं नव्हतं. मी फक्त कधी मागे पाहिलं नव्हतं.

काका मला बघून गडबडले. चोरी त्यांचीच पकडली गेली असावी तसे उठायला लागले. मी विचारलं, "काका, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवसापासनं." ते जमिनीकडे बघत म्हणाले. "पोराची पाटी अडीचला भरती, आन् तीननंतर बगावं तर तळं. घरात तिसरं कोन हाय?"

"मग बोलला का नाहीत?"

"आवं जावईबापू," काका अगदी कळवळून म्हणाले, "मी कर्नलसायबाला बोललोय. पार तोंडावर बोललोय. पर जावयाला हागण्यामुतण्यावरनं कसं बोलावं मानसानं?"

आजवर या माणसानं एसटीच्या प्रवाशांपासून हॉटेलवाल्यांपर्यंत कुणाची भीड ठेवली नव्हती. माझी ठेवली होती, आणि त्यासाठी त्रेसष्टाव्या वर्षी रोज दुपारी माझ्या मागे वाकत होते. भाचीच्या नवऱ्याचा मान त्यांनी वायपरनं राखला होता.

मी अथर्वकडे वळलो. "तुलाही माहीत होतं?"

"हो."

"आधीपासून?"

"हो. मी यायचो शाळेतून, जायचो. मग तुम्ही जायचात. मग मला जायचं असलं की पाय भिजायचे."

"मग सांगितलं का नाहीस रे?"

त्यानं जरा विचार केला. रागाचा मागमूसही नव्हता, नुसतं आठवून सांगत होता. "तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही फक्त सांगायचात."

त्यांची बाजू घेतली का, हा प्रश्न मी बावीस वर्षं विचारत आलो आहे.

त्या दिवशी मी उशिरा कार्यालयात गेलो. आधी जमीन पुसली. काकांनी दारात उभं राहून ती तपासली, पण पाटीवर खूण करायला मात्र त्यांचा हात उठेना. खडू त्यांनी अथर्वच्या हातात दिला. अथर्वनं आत जाऊन कड पाहिली, नळाला हात लावला, आणि म्हणाला, "चपला राहिल्या." संध्याकाळी वैशालीला मीच सांगितलं. तिनं अथर्वला जवळ घेऊन त्याची क्षमा मागितली. माझ्या वाट्याचीही तिनंच मागावी असं मला क्षणभर वाटलं, हेही इथे नोंदवतो.

आमच्या व्यवसायात एक नियम आहे. चूक ज्या पानावर छापली, खुलासा त्याच पानावर द्यायचा. हा मजकूर त्याच पुरवणीच्या त्याच कोपऱ्यासाठी आहे. आमच्या घरातल्या धोक्याच्या पातळीला जबाबदार असलेली व्यक्ती त्या वेळी सात वर्षांची नव्हती, पंचेचाळीस वर्षांची होती. अथर्वच्या वर्गातल्या ज्या पालकांनी तो लेख वाचून दाखवला, त्यांनी कृपया हाही वाचून दाखवावा.

काका पंधराव्या दिवशी गेले. वायपर ठेवून गेले. फोन आला की आधी अथर्वशी बोलतात. "जवान, रिपोर्ट?" माझ्याबद्दल विचारत नाहीत. जावई आहे ना.

गेल्या दिवाळीत आम्ही साताऱ्याला त्यांच्याकडे गेलो. काकांचे गुडघे गेले आहेत. हातात काठी आली आहे. सकाळी ते बाथरूममधून बाहेर आले, सवयीनं वळले आणि तसेच थांबले. चपलांची तोंडं बाहेर होती. ते त्यांच्याकडे बघत उभे राहिले. वाकता येत नव्हतं, आणि निघताही येत नव्हतं. मी पुढे झालो.

"राहू द्या, जावईबापू," काका घाईनं म्हणाले. "तुमी नका हात लावू. पोराला बोलवा."

मी वाकलो आणि चपला फिरवल्या. मला दिसू नये अशा बेतानं काकांनी काठीच्या टोकानं, मी डावी-उजवी अदलाबदल करून ठेवलेल्या चपलांपैकी डावी डावीकडे घेतली, उजवी उजवीकडे सरकवली आणि चहाला चला म्हणाले.