बापूंचा वाफा

“म्हणजे मी घरात विष पिकवतो?” बापूंनी कोथिंबिरीची जुडी ओट्यावर आपटली. “याच मातीतलं खाऊन म्हातारा झालो. मला काय झालं?”

“तुम्हाला नाही, अपूर्वाला होतंय,” चारुलता सासऱ्यांना म्हणाली. “पोरीच्या पोटात पुन्हा जंत निघालेत.”

“अरे भई, शरीर लढतं ना आपलं आपण!” तिचा नवरा प्रसाद ताटावरून बोलला. “कांजिण्या एकदा झाल्या की परत होतात का? फालतू टेन्शन घेतेस.”

हेच ती सकाळी माधव नगरच्या डॉक्टरांना विचारून आली होती. ते म्हणाले होते, जंताचं तसं नसतं. तो इतका मोठा, की पांढऱ्या पेशींना गिळताच येत नाही. त्या त्याला घेरतात, त्याच्या अंगावर विषारी रस सोडतात. आतडं चिकट स्राव सोडून त्याला बाहेर ढकलत राहतं. अपूर्वाच्या रक्तात त्या पेशी वाढल्यात त्या म्हणूनच. तिचा खोकलासुद्धा अॅलर्जीचा नसेल, जंतांची पिल्लं फुप्फुसातून जातात. मोठ्यांचं शरीर पुष्कळदा थोड्या जंतांशी जमवून घेतं. पण रोज नवी अंडी पोटात गेली, तर एवढंसं मूल किती लढणार? कच्चं काय खाते ही?

कच्चं! या घरात कोशिंबीर नसलेलं ताट अर्धं समजत. पोह्यांवर, वरणावर, सगळ्यावर बापूंची कोथिंबीर. चारुलता इंदूरहून लग्न होऊन आली, तेव्हापासून शाळेत गणित शिकवून घरी आली की आधी वाफ्यात वाकायची. जुड्या बांधून शेजारी पोचवणंही तिच्याचकडे. संडासाच्या टाकीचं वरचं पाणी पाइपाने त्या वाफ्यात सोडलेलं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रेल्वेतून निवृत्त झालेले बापू पाहुण्यांना ती करामत कौतुकाने दाखवायचे. वास येत नाही, म्हणून घाण कुणाला वाटलीच नाही.

“धुवून घे ना मग!” बापू म्हणाले.

“धुतेच आहे इतकी वर्षं. अंडी दिसतात का डोळ्यांना? पानाला चिकटून बसतात, मातीत वर्षानुवर्षं टिकतात.”

“अपूच्या ताटात नको घालू, बस्स,” प्रसाद म्हणाला. “बापूंचं मन कशाला मोडायचं?”

दाराशी उभी असलेली अपूर्वा खोकली. “आई, थोडी घाल गं. मी नाही खाल्ली की आजोबा जेवत नाहीत.”

बापू खिडकीबाहेर बघायला लागले. प्रसादने आणखी एक पोळी मागितली.

चारुलताने गॅस बंद केला.

“जेवण झालं की सगळ्यांनी जंताची गोळी घ्यायची. बापू, तुम्हीसुद्धा. उद्या प्लंबर येऊन टाकीचा पाइप गटाराच्या लाइनला जोडेल. त्याच्या मागोमाग गवंडी येतोय. वाफ्यावर फरशी बसेल.”