वेगळ्या चुलीवरची कोंबडी

सुवार्तेच्या पत्रिका वाचतच मी अक्षरं शिकले. त्यांत सैतान नेहमी बाटली नाहीतर पत्ते घेऊन येई. पुढच्या रांगेत बसून ‘आमेन’ म्हणणारा सैतान कुणी छापला नव्हता.

सेलूला जिनिंगमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची ख्रिस्ती मंडळी दर रविवारी प्रार्थनेला भरायची. सोनपेठकडं आईच्या माहेरी कंदुरी होती; देवीला बोकड दाखवून भावकीला जेवण. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तिला बोलावणं धाडलं. मंडळी चालवणाऱ्या पाळकांनी बजावलं, मूर्तीला दाखवलेलं खाऊ नका. तिथंच थांबायचं ना. पण त्यांनी तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, त्या घरी मोहात पडाल का? आई म्हणाली, त्या घरचं पाणीसुद्धा घेणार नाही. शेड टाळ्यांनी दणाणली. खुरपायला जाणाऱ्या बाईसाठी टाळ्या कोण वाजवतं? तिचा चेहरा उजळला होता.

माहेरी पंगत बसली. आई आजोबांच्या बाजेपाशी ताटाशिवाय बसलेली. मामीनं विचारलं, "वन्सं, तुमच्या देवानं भूक बी नेली का?" सगळे हसले. आजोबांनी त्यांना गप्प केलं. त्यांनी सकाळीच वेगळ्या चुलीवर कोंबडी शिजवून घेतली होती, देवीला न दाखवता. भाकरीचा घास रश्शात बुडवून त्यांनी तिच्या तोंडापुढं धरला.

"माय, हे चढवलेलं न्हाई. तुज्यासाठीच येगळं केलंय. खा."

पाळकांचा नियम इथं लागतच नव्हता. आईला ते कळत होतं. तिनं तोंड फिरवलं. रस्सा आजोबांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला, तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. शेवटी मामानं तो धरून खाली ठेवला.

शेडमध्ये ही गोष्ट लय गाजली. बाहेरगावचे पाळक आले की आईला उभं करायचे. ती सांगायची, टाळ्या पडायच्या. त्याच उन्हाळ्यात आजोबा गेले. पुढच्या रविवारी पाळकांनी पुन्हा तिलाच उभं केलं. मोहावर विजय कसा मिळवला ते सांगा, म्हणाले.

"त्या घासात मोह न्हवता," आई म्हणाली. "मोह ह्या टाळ्यांचा होता. मी त्यात पडले, आन् तुमी वाजवीत बसला."

या बहिणीला, म्हणजे आईला, दुःखाच्या आत्म्यानं धरलंय, असं पाळकांनी जाहीर केलं. चौघीजणींनी तिच्या डोक्यावर हात दाबून मोठमोठ्यानं प्रार्थना सुरू केली. सोडा तिला, म्हणून मी पुढं झाले, तर मला दंडाला धरून बाहेर काढलं.

आई अजून तिथं जाते. येशू काय पाळकाच्या बापाचा हाय का, म्हणते. साक्षीची, म्हणजे उभं राहून आपला अनुभव सांगायची, वेळ झाली की सगळे तिच्याकडं बघतात. ती बसून राहते. हल्ली नव्यानं आलेल्या एका सुनेला उभं करतात. ती स्वतःच्या आईच्या मयतीला गेली नाही. टाळ्या तेवढ्याच जोरात पडतात.