केळीच्या थंड खोलीतला ड्रमवाला

जगात विश्वास ठेवण्याजोग्या वस्तू दोनच, आपल्या उजव्या हातातली काठी आणि डाव्या हातातली काठी, असं आमच्या ड्रमवाल्याचं ठाम मत होतं. त्यातही डावीवर त्याचं बारीक लक्ष असे. चहा आला की आमच्यापैकी कुणी घोट घेईपर्यंत तो कप उचलत नसे. बसमध्ये चढण्याआधी ती एरंडोललाच जाणार ना, हे कंडक्टरला तीनदा विचारायचा, आणि उतरल्यावर स्टँडची पाटी वाचून घ्यायचा. एरंडोल त्याचं स्वतःचं गाव. तरीही वाचायचा.

जळगावात पंधरा वर्षांपूर्वी आमचा चौघांचा पंक बँड होता, असं आज सांगितलं तर लोक माझ्याकडेच संशयाने बघतात. नाव होतं 'कच्ची केळी'. पंक म्हणजे तीन सूर, पोटभर राग आणि दोन मिनिटांत गाणं खलास. राग लोडशेडिंगचा होता, उन्हाचा होता, घरच्यांनी लावलेल्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासचा होता. गाणारा गळ्याच्या शिरा फुगवून ओरडायचा, बेसवाला मान खाली घालून वाजवायचा आणि मी गिटार बडवायचो. सराव चालायचा बेसवाल्याच्या काकांच्या केळी पिकवायच्या थंड खोलीत. भिंती जाड, त्यामुळे आवाज बाहेर जात नसे. "माल गरम करू नका रे," एवढंच काका म्हणायचे.

ड्रमवाला आम्हाला लग्नाच्या बँडमधून मिळाला. त्या मंडळींत रीत अशी, की गर्दीत दुसऱ्या बँडचा माणूस दिसला तर नवी चाल वाजवायची नाही. उद्या ती त्याच्या वरातीत वाजेल. ही रीत त्याने आमच्याकडेही आणली. धुळ्यात तेव्हा आमच्यासारखाच एक बँड निघाला होता आणि त्यांना आमची गाणी चोरण्यावाचून दुसरा उद्योग नाही, याची त्याला खात्री होती. सराव सुरू होण्याआधी तो दाराशी केळीचं रिकामं कॅरेट ठेवायचा, सगळ्यांचे फोन त्यात टाकायला लावायचा आणि अहिराणीत बजावायचा, की हेर आमच्यातही असू शकतो.

"फोन बठ्ठा आठे टाका. तुमनामझारबी धुळाना माणूस व्हई सकस."

मग ड्रमवर बसायचा आणि सगळं गाणं डोळे उघडे ठेवून आमच्याकडे बघत वाजवायचा. वाजवणारा माणूस रंगला की डोळे मिटतो. हा कधीच नाही.

एकदा हमालांनी त्याच कॅरेटमध्ये आमच्या फोनवर केळीच्या चार फण्या ठेवल्या आणि ते बोदवडच्या टेम्पोत चढवलं. काकांच्या फोनवरून आम्ही फोन लावत सुटलो. केळी वाजतायत म्हणून ड्रायव्हरनेच घाबरून टेम्पो थांबवला होता. फोन मिळाले, पण ते हमाल धुळ्याचे होते हा ड्रमवाल्याचा निष्कर्ष काही हलला नाही.

धुळ्यातल्या आमच्या एकुलत्या कार्यक्रमात तर कहर झाला. पहिल्या रांगेत त्याला तिथल्या बँडचा गिटारवाला दिसला. झालं! या पठ्ठ्याने चाल चोरीला जाऊ नये म्हणून सगळी गाणी मुद्दाम चुकीच्या ठेक्यात वाजवली. चोरणाऱ्याचं काय झालं ठाऊक नाही, आम्ही तिघे मात्र रस्ता चुकलो. लोकांना वाटलं पंक असंच असतं, आणि त्यांनी हॉल डोक्यावर घेतला. परतताना हा गाडीत गंभीर, त्याला टाळ्यांतही डाव दिसत होता. "इतल्या टाळ्या कसाले? काहीतरी शे."

पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली आणि बँड विरून गेला. ड्रमवाल्याच्या कृपेने एक फोटो नाही की एक रेकॉर्डिंग नाही. याचं मला कधी फारसं वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षी आमचा गाणारा अचानक गेला, आणि दिवस झाल्यावर वहिनींनी विचारलं, "भाऊजी, त्यांचा तेव्हाचा आवाज कुठे असेल का हो? मुलीला ऐकवायचा होता." मला नाही म्हणवेना. मी एरंडोल गाठलं.

ड्रमवाल्याने दार अर्धंच उघडलं. "कोनी धाडं तुले?"

मी वहिनींचं सांगितलं. तो आत जाऊन एक कॅसेट आणि लग्नाच्या चाली बसवायचा जुना टेप घेऊन आला. हा टेप म्हणे ड्रमपाशी, त्याच्या पायाच्या अंतरावर केळीच्या कॅरेटांमागे लपवलेला असायचा. मला राग आला. आमचे फोन बाहेर आणि याचा टेप आत!

"गाना नही त्यामा," तो म्हणाला. "मी चहा सांगाले बाहेर गऊ की तुम्ही मनाबारामा काय बोलतस, ते माले माहीत पडाले पाहिजे व्हतं."

त्याने बटण दाबलं. खरखर झाली आणि पहिला आवाज आला तो माझाच. "याचा ताप होतो यार. दुसरा ड्रमवाला बघू." मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ड्रमवाला ओठांतल्या ओठांत तेच शब्द म्हणत होता. त्याला ते पाठ असावं. मग गाणाऱ्याचा आवाज आला, तोच घोगरा, हसरा. "येडा आहे तो, पक्का येडा. पण दुसरा आणला तर मी गाणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो." पाठोपाठ तो स्वतःशीच आमच्या गाण्याची एक ओळ गुणगुणला. खोलीचं जड दार उघडलं. "आला रे," कुणीतरी कुजबुजलं. काठीवर काठी वाजली, एक, दोन, तीन, चार, आणि खट्.

"तेव्हा इथेच रेकॉर्डिंग बंद का केलंस?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मी उनू ना मंग. मना तोंडवर कोन काय बोलनार व्हतं?" तो खोलीत परत आला, की ऐकण्यासारखं त्याच्या लेखी काही उरत नसे.

कॅसेट वहिनींना द्यायला तो तयार झाला, फक्त कॉपी काढताना दुकानात शेजारी बसणार होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हातानेच थांबवलं आणि टेबलावर बोटांनी चार मोजले. टेपवर तुटलेलं ते गाणं तो पुढे वाजवू लागला, अगदी बरोबर ठेक्यात. गाणाऱ्याची ओळ आली तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले, माझ्यासमोर, पहिल्यांदाच. माझा फोन खिशातच होता. त्याने तो मागितलाच नव्हता.