एकाच बोर्डावर

माझ्या हट्टाला साहेबांनी खंडेनवमीपर्यंत मुदत दिली होती. अंबडच्या आमच्या छोट्या कंपनीत मी मायक्रोवेव्हचे फेज शिफ्टर बनवते. दोन वाटांनी निघालेल्या लहरींपैकी एकीला ठरावीक अंतराने मागे ठेवायचं, एवढंच त्याचं काम. नको त्या लहरी गाळायला फिल्टरचा वेगळा बोर्ड लागतो. मला ही दोन्ही कामं एकाच बोर्डावर हवी होती. "आज जमलं नाही तर आपले जुने दोन बोर्डच बरे," साहेब म्हणाले. चार महिने मान मोडून केलेलं काम बासनात जाणार म्हणून मी सकाळपासून सगळ्यांवर डाफरत होते.

दुखणं एकच होतं. दोन लहरींतलं अंतर अगदी बरोबर यायचं, पण फिल्टरचा आलेख हव्या त्या वारंवारतेच्या जरा वर बसायचा.

यंत्रांची पूजा आटोपली, पेढा खाल्ला आणि मी शेवटचं मोजमाप घ्यायला बसले. पडद्यावरचा आलेख नेमका जागेवर! मी तर काहीच बदललं नव्हतं. केबल काढल्या, पुन्हा जोडल्या. तेच. भिंगातून पाहिलं, तर दोन्ही वाटांवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या टोकांना हळदीकुंकवाची ओली बोटं!

"मावशी!" मी ओरडलेच. आमचे सगळे बोर्ड हाताने जोडणाऱ्या, कळवणकडच्या मावशी धावत आल्या. यंत्रांबरोबर त्यांनी माझ्या बोर्डाचीही पूजा केली होती.

"लय चुकलं का मॅडम? पुसून टाकते."

"हात लावू नका!" त्या ओल्या थरामुळे लहरीला पट्टी जरा लांब भासत होती. म्हणजे मुळात माझी पट्टीच आखूड होती! मी हळदकुंकू पुसलं आणि मावशींनी दोन्ही टोकांना तिळाएवढा तांब्याचा पत्रा सोल्डर केला. पुन्हा मोजलं. आलेख जागेवर. मी टेबलावर अशी थाप मारली की साहेब केबिनमधून बाहेर आले. त्यांनी दोनदा निरखून बघितलं.

"बरं बाई, एकच बोर्ड," ते म्हणाले. मला नाचावंसं वाटत होतं.

मावशी मात्र पडद्यासमोरच उभ्या होत्या. "मी जोडलं म्हणून ही रेघ इथं आली?"

"हो, मावशी."

"बारा वर्सं जोडते मी. असं दिसतं, हे कुनी दाखवलंच नाय."

त्यातले चार महिने तर मी त्यांच्या शेजारच्याच टेबलावर बसत होते.