मूळव्याध म्हणून सांगितलं

लग्नाआधी दोन वर्षं मला मोठ्या आतड्याच्या दाहाचा आजार जडला. शौचातून रक्त पडायचं. आई म्हणाली, "मुलीकडच्यांना मूळव्याध सांग." पुढे बायकोलाही मी तेच सांगत राहिलो. गोळ्या खिदिरपूरच्या कस्टम ऑफिसात माझ्या टेबलाच्या खणात असायच्या. घरी कधी आणल्या नाहीत.

लेक एकोणीस वर्षांची झाली आणि तिला जुलाब सुरू झाले. बायकोने आधी फुचका, म्हणजे इथली पाणीपुरी, बंद केला, मग तिखट, मग दूध. "रस्त्यावरचं हादडतेस, दुसरं काय होणार?" म्हणून ओरडायची. एकदा लेक बाथरूममधून आली आणि हळूच मला म्हणाली, "बाबा, रक्त येतं." मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं तर कळलंच होतं. मी म्हणालो, "उष्णता असेल. शहाळ्याचं पाणी पी."

असे आणखी पाच महिने गेले. तिचे गाल बसले, तेव्हा सॉल्ट लेकच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. दुर्बिणीतून तपासणी झाली. रिपोर्ट बघून बाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला आहे?"

"कुणालाच नाही," बायको म्हणाली.

"मला आहे," मी म्हणालो. "तेवीस वर्षांपासून."

बाई समजावत राहिल्या. हा आजार सरळ बापाकडून मुलीकडे जात नाही. अनेक जनुकं मिळून शक्यता वाढते, तेवढंच. बहुतेक रुग्णांच्या मुलांना तो कधीच होत नाही. "तुम्ही दिलात असं समजू नका. फक्त आधी कळलं असतं तर..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं.

टॅक्सीत लेक म्हणाली, "बाबा, तुला माहीत होता?" तिचं मराठी इथे वाढलेल्या मराठी मुलांसारखंच, अडखळणारं.

"हो."

"आई मला ओरडत होती, तेव्हा तू तिथेच बसला होता."

बायको खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "माझ्याकडून तिला छळवलंत तुम्ही." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

औषधांनी लेकीला उतार पडला. बराकपूरचं कॉलेज पुन्हा सुरू झालं. परवा माझ्या दारात उभी राहून तिने विचारलं, "सियालदह स्टेशनवर त्यातल्या त्यात स्वच्छ बाथरूम कुठलं?"

मला सगळी ठाऊक होती. कुठल्या प्लॅटफॉर्मजवळचं, कधी रांग नसते, सगळं सांगितलं. तिने मोबाईलमध्ये टिपून घेतलं आणि निघून गेली.