लेव्हलरावांची झोपायची जागा

माझा मेहुणा जन्मभर फरश्या बसवत आला. कामावर सगळे त्याला लेव्हलराव म्हणत. हातभर लांब पट्टी, तिच्या काचेत हवेचा बुडबुडा. बुडबुडा मध्ये आला की फरशी समतल. ही पट्टी घेऊन तो लोकांकडे जेवायलाही जाई आणि टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवी. पुन्हा कुणी बोलावलं तर नवल.

डोंगरातल्या लांबच्या पायवाटेनं पार समुद्रापर्यंत दोघांनी चालायचं, हे त्यानं माझ्या बहिणीला लग्नातच कबूल केलं होतं. निवृत्तीनंतर मुहूर्त लागला. तिनं एकच अट घातली, "एकदा जरी अंथरूण भिजलं, तर मी बसनं घरी." मी गवंडी, ओझं वाहायला सोबत. तंबू दोन.

पहिल्याच संध्याकाळी झाडांखाली छान जागा मिळाली. जरासा उतार, खाली मऊ पाला, ओढा पुरेसा लांब. डोकं वरच्या अंगाला करायचं आणि झोपायचं. त्यानं पट्टी टेकवली. बुडबुडा सरकला.

"नाही."

"अहो, झोपायचंय, फरशी घालायची नाहीये," बहीण म्हणाली.

"पुढे चांगली असेल."

पुढे, मग आणखी पुढे. बहिणीच्या टाचा सोलल्या. हा मात्र दर जागेपाशी गुडघे टेकून मान हलवायचा. नुसतं दमण्याला काम समजणारे मी खूप पाहिलेत. हा त्यांचा मुकादम.

शेवटी एका खोलगट भागात ताटासारखी सपाट जमीन सापडली. वर वाळून तडकलेला गाळ. बुडबुडा बरोबर मध्ये. लेव्हलराव असा हसला, की नातू झाला तेव्हाही हसला नव्हता.

"ही जमीन इतकी सपाट कुणी केली?" मी विचारलं.

"कुणी का करेना."

"पाण्यानं. ते परत येईल आपलं काम बघायला."

"तू भिंती बांधल्यास, दादा. जमिनीतलं मला शिकवू नकोस."

हाच माणूस न्हाणीघरात जाळीकडे ढाळ कमी पडला की मजुरांवर खेकसायचा. पाणी कुठं जातं ते त्याला मजुरीपुरतं ठाऊक. स्वतःच्या बायकोला झोपवताना अक्कल गहाण.

मी वर उतारावर तंबू ठोकला. जेवण उरकतंय तोच पाऊस आला. थोडाच आला, पण चारी बाजूंचं पाणी लेव्हलरावाकडे पाहुणं गेलं. बहिणीचे बूट तंबूत तरंगले. ओलं अंथरूण खांद्यावर टाकून ती माझ्या तंबूत आली. खालून हा ओरडला, "पण बघा तरी, पाणी सगळीकडे कसं सारखं उभं आहे!"

सकाळी खालच्या रस्त्यावर आम्ही बसथांबा गाठला. आता याचा आवाज उतरला होता.

"समुद्रापर्यंत जायचं ठरलंय ना आपलं?"

तिनं त्याच्या हातातल्या पट्टीकडे बोट दाखवलं. "येते. ती पट्टी इथंच बाकावर टाका आणि चला."

मला वाटलं, जमलं. त्यानं पट्टी बाकावर ठेवली. हातही काढला. मग वाकून काचेत पाहिलं.

"अगं, हा बाक अगदी समतल आहे!"

बस आली. बहीण चढली आणि पलीकडच्या खिडकीशी बसली.

मी माझं ओझं उचलून तिच्यामागे चढलो. तो बाकाची दुसरी बाजू तपासत होता.